पार्श्वभूमी : कोकणची वीज आणि वाऱ्याचा नकाशा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. बांधकाम किती वाऱ्याला टिकले पाहिजे हे सांगणाऱ्या भारतीय मानकांच्या नकाशात मात्र या किनाऱ्यासाठी सेकंदाला ३९ ते ४४ मीटर, म्हणजे ताशी १४० ते १५८ किलोमीटर वारा धरलेला आहे. मग एवढे खांब आडवे कसे झाले?

बरेचसे उत्तर वाड्यांमध्ये सापडते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात वाहिन्या नारळी-पोफळीतून आणि आंब्याच्या आगरांतून जातात. माड तारेवर कोसळतो. तार लगेच तुटली तर निभावते; नाही तुटली तर ती खांबाला ओढते आणि तो शेजारच्या खांबाला. त्यात लोखंडी खांब खाऱ्या हवेने बुंध्याशी गंजलेला असला की संपलेच. वाऱ्याच्या वेगावर आखलेल्या नकाशात झाडे नसतात.

शिवाय वादळाची तयारी करायची ती पूर्व किनाऱ्याने, असाच आपल्याकडचा समज. त्याला कारणही होते. १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ, २०१४ चे हुडहुड, २०१९ चे फनी ही सगळी बंगालच्या उपसागरातली. हुडहुडनंतर विशाखापट्टणमने जागतिक बँकेच्या कर्जातून तारा जमिनीखाली घ्यायला सुरुवात केली. वाऱ्याच्या मानकात २०१५ साली चक्रीवादळासाठी जादा गुणक, म्हणजे धरलेला वारा वाढवणारा आकडा, आला, तोही पूर्व किनारा आणि गुजरातसाठी. कोकण वगळले गेले. १९४८ चे मुंबईचे वादळ आणि २००९ चे फयान एवढ्या तुरळक नोंदींवर तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, पण तोकडा नक्कीच होता.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातही पहिल्या टप्प्यात आंध्र आणि ओडिशा होते; महाराष्ट्र दुसऱ्या टप्प्यात आला. अलिबागला तारा जमिनीखाली गेल्या त्या त्यातूनच.

भूमिगत केबल हा सरसकट उपाय नव्हे. जांभ्यात चर खणणे महाग पडते, आणि बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायलाच वेळ जातो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आणखी एक अडचण समोर आली : वाऱ्यापासून वाचायला वाहिनी खाली न्यावी, तर पुरापासून वाचायला रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि फिडर पिलर, म्हणजे केबल जोडणाऱ्या रस्त्याकडेच्या पेट्या, उंच चौथऱ्यावर हवेत.

वाडीवस्त्यांवर तारा अजून डोक्यावरूनच जातात. तिथले नियोजन म्हणजे पावसाळ्यापूर्वी फांद्या तोडणे, आणि घाट बंद पडण्याआधी खांब, तारा, रोहित्रे खाली आणून ठेवणे. पण फळ देणाऱ्या कलमाची फांदी वायरमनला सहजासहजी कोण तोडू देतो? बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न तिच्यावरच असते.