पन्हळीदार पत्रा: रेल्वेकडून डायनरकडे

अमेरिकेतल्या जुन्या डायनरवरच्या, म्हणजे रेल्वेच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या उपाहारगृहांवरच्या आडव्या, चकचकीत पन्हळी केवळ शोभेच्या असतात. रेल्वेच्या डब्यांवर मात्र त्या कामासाठी आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९३४ मध्ये 'बर्लिंग्टन झेफर' ही तीन डब्यांची डिझेल गाडी बांधली, तीही स्टेनलेस स्टीलची: साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. हा पत्रा नेहमीसारखा वेल्ड केला तर उष्णता रेंगाळते, क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि सांध्याशेजारी गंज शिरतो. बडच्या अर्ल रॅग्सडेल यांनी यावर 'शॉटवेल्ड' काढलं. त्यात करंट प्रचंड, पण क्षणभरच. त्यामुळे पातळ पत्र्याचे मजबूत डबे जमले. मात्र पातळ सपाट पत्रा लहरतो आणि चकाकीमुळे ती लहर लांबूनही दिसते. पन्हळ पाडली की पत्रा ताठ होतो, लहरही लपते. २६ मे १९३४ रोजी ही गाडी डेन्व्हरहून शिकागोला १३ तास ५ मिनिटांत पोहोचली आणि तिचं रूप देशभर वेगाची खूण बनलं.

ट्रॅम इतकी हळू चालायची की तिला वाऱ्याच्या विरोधाची फिकीर नव्हती, तरी गोलसर रूप तिच्याकडेही आलं. प्रवासी मोटारींकडे वळत होते, म्हणून ट्रॅम कंपन्यांच्या अध्यक्षांच्या समितीने नवा डबा आखला. हा गोलसर 'पीसीसी' (समितीच्या 'प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी' या नावावरून) १९३६ मध्ये ब्रुकलिनमध्ये धावू लागला. युद्धोत्तर पीसीसीची पुढची काच जास्त तिरकी आहे, तीही सकारण: रात्री आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब चालकाच्या डोळ्यांसमोर येऊ नये.

डायनर तर जागचं हलत नाही. तरी ते याच घराण्यातलं. त्याचं मूळ घोड्याने ओढायच्या खाद्यगाडीत आहे. पुढे ते कारखान्यात बांधून रस्त्याने जागेवर नेत, म्हणून लांबट आणि अरुंद. ट्रॅमचे डबे बांधणाऱ्या ब्रिलनेही डायनर बांधले. मॅसॅच्युसेट्समधली जडकिन्स ही मूळची बग्ग्या आणि मोटारींचे सांगाडे बनवणारी कंपनी. तिच्या 'स्टर्लिंग स्ट्रीमलायनर'ला थेट इंजिनासारखं गोल नाक. ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटमधलं 'मॉडर्न डायनर' त्यातलंच. १९७८ मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत आलेलं ते पहिलं डायनर.

त्याच्या तपकिरी-लाल आणि क्रीम पट्ट्या रंगाच्या नाहीत, पोलादावर भट्टीत वितळवून बसवलेल्या काचेसारख्या एनॅमलच्या आहेत. एनॅमल उन्हाने फारसं विटत नाही, पण स्क्रू जास्त आवळला की भोकाच्या कडेला टवका उडतो आणि तिथून गंज आत सरकतो. जागेवर पुन्हा भट्टी लावता येत नाही. रंग भरून तात्पुरतं भागवावं लागतं. म्हणून पॅनेल हलक्या हाताने उतरवणं हेच दुरुस्तीतलं सर्वांत जोखमीचं काम.