टायटॅनियम गंजत नाही, पण झिजतं

हिप रिप्लेसमेंटच्या (कृत्रिम खुब्याच्या) स्टेममध्ये, म्हणजे मांडीच्या हाडात बसवतात त्या दांड्यात, टायटॅनियम असतं हे माहीत असतं बऱ्याच जणांना, पण जिथे खरं घासलं जातं तो बॉल त्याचा सहसा करत नाहीत, आणि यामागे १९७०-८० च्या दशकांतला एक निर्णय आहे जो माझ्या मते सरळ घाईचा होता.

स्टेमचा मिश्रधातू म्हणजे टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवाला, १९५० च्या दशकात विमानांसाठी आलेला. हलका, ताठपणा ११० गिगापास्कलच्या आसपास म्हणजे कोबाल्ट-क्रोम या सांध्यांच्या दुसऱ्या मिश्रधातूच्या साधारण निम्मा, आणि हाड त्याला धरून वाढतं. स्टेमला हे सगळं उत्तमच. मग बॉलही त्याचाच करूया असं ठरलं, आणि इथे ‘बायोकॉम्पॅटिबल’ या शब्दाने घोळ केला. शरीर धातूचा तुकडा सहन करतं याचा अर्थ त्याची पूडही सहन करेल असं धरून चालले लोक. गंजत नाही म्हणजे झिजत नाही, असंही.

खरं तर टायटॅनियमला वाचवतो तो वरचा ऑक्साइडचा थर, फक्त काही नॅनोमीटरचा, आणि खालचा धातू मऊ. घासताना थर फाटतो, लगेच नवा तयार होतो, परत फाटतो, आणि दर वेळी थोडी पूड सुटते. स्वच्छ द्रवात, बॉल ज्यात फिरतो त्या प्लास्टिकच्या कपासोबत ही जोडी बऱ्यापैकी चालते हो, पण शरीरात बोन सिमेंटचे (इम्प्लांट हाडात पक्कं बसवायला वापरतात त्याचे) कण असतात, ते कपात रुतून बसले की कप म्हणजे पॉलिश पेपरच. रिव्हिजनला, म्हणजे दुरुस्तीच्या दुसऱ्या ऑपरेशनला, सांधा उघडला की आतलं टिश्यू काळंकुट्ट आणि बॉलची चकाकी जाऊन नुसते ओरखडे. याला मेटॅलोसिस म्हणतात. पूड पेशी गिळतात, त्यातून हाड विरघळायला लागतं आणि चांगला बसलेला स्टेमही सैल होतो. पेशंटला परत टेबलावर जावं लागतं, हे फार वाईट.

नंतर नायट्रोजन इम्प्लांटेशन (पृष्ठभागात नायट्रोजन घुसवणं) झालं, टायटॅनियम नायट्राइडचं सोनेरी कोटिंग झालं, व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम आलं (ते विषारीपणाच्या भीतीने, घर्षण काही सुटलं नाही त्याने). शेवटी बॉल कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा, स्टेम टायटॅनियमचा, अशी वाटणी झाली.

पण घासणं तिथून हललं फक्त. बॉल जिथे स्टेमवर ठोकून बसवतात त्या टेपरमध्ये (निमुळत्या जोडात) प्रत्येक पावलाला काही मायक्रॉनची हालचाल होते, फ्रेटिंग, थर फाटतो आणि फटीतला द्रव आम्लधर्मी होत जातो, मग न गंजणारा म्हणून घेतलेला धातूही तिथे गंजतो. टायटॅनियमचा स्टेम आणि स्टेम-बॉलच्या मधली कोबाल्ट-क्रोमची वेगळी मान असलेली काही डिझाइन्स २०१२ मध्ये याच कारणाने बाजारातून परत घ्यावी लागली.

फ्रॅक्चरच्या प्लेट्सचंही तेच. लॉकिंग स्क्रू (प्लेटच्या आट्यांतच घट्ट बसणारे) काढायला जावं तर टायटॅनियमवर टायटॅनियम असं जाम झालेलं असतं की स्क्रूचं डोकं गोल होतं, आणि मग ड्रिलने ते उडवताना तीच काळी पूड परत जखमेत.