मास जुळलं तरी रिंग कुठली? सायक्लोमोनोमर की सायक्लोडायमर

पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीची, रिंग करायला लावली, मास स्पेकमध्ये (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रात) लिनिअर म्हणजे सरळ साखळीपेक्षा १८ ने कमी असलेला पीक आला, म्हणजे पाणी गेलं, आणि लगेच वहीत "सायक्लिक मिळालं" लिहून मोकळे होतात. थांबा जरा. एका साखळीची दोन टोकं आपसात जुळली तर सायक्लोमोनोमर, दोन साखळ्या मिळून एकच मोठी रिंग झाली तर सायक्लोडायमर, आणि दोन्हीकडे साखळीमागे पाणी एकच जातं.

ग्रॅमिसिडिन एस घ्या, १९४० च्या दशकात मॉस्कोत गाउझे आणि ब्राझ्निकोवा यांनी शोधलेलं अँटिबायोटिक. दहा अमिनो आम्लांची रिंग, पण आत तोच पाचाचा तुकडा दोनदा: व्हॅलिन, ऑर्निथिन, ल्युसिन, डी-फिनाइलअलॅनिन, प्रोलिन. यंत्र वजन भागिले चार्ज दाखवतं, आणि चार्ज येतो चिकटलेल्या प्रोटॉनमुळे. पाचाची रिंग ५७०.३५ वजनाची, एक प्रोटॉन घेऊन ५७१.३६ ला दिसते. दहाची ११४०.७१ ची, पण दोन प्रोटॉन घेतले की तीही बरोब्बर ५७१.३६ लाच!

म्हणून पीक झूम करून बघाच. पुढचा आयसोटोप पीक (एका जड कार्बनमुळे वजनाने १ ने जास्त असलेल्या रेणूंचा) ५७२.३६ ला असेल तर चार्ज एक, म्हणजे मोनोमर. मध्येच ५७१.८६ ला पीक उभा असेल तर चार्ज दोन, डायमर आहे. हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण ११४१.७ ला पीक दिसला म्हणून डायमर धरावा तर मोनोमरचेच दोन रेणू नुसते एका प्रोटॉनभोवती चिकटून तिथे येऊ शकतात, सँपल पातळ केलं की तो पीक मोनोमरपेक्षा झपाट्याने पडतो.

एनएमआर (रेणूतले अणू कुठल्या परिसरात आहेत ते दाखवणारी पद्धत) हे कोडं सोडवेल म्हणाल तर इथे तोही फसवतो, डायमरचे दोन्ही अर्धे सारखेच त्यामुळे सिग्नल पाचच अमिनो आम्लांचे दिसतात. डिफ्युजन, म्हणजे रेणू द्रावणात किती वेगाने पसरतो ते, मोजलंत तर मोठा रेणू हळू सरकतो एवढं कळतं.

डायमर नको असेल तर डायल्युशन, म्हणजे द्रावण साधारण १ मिलिमोलर किंवा त्याहून पातळ, आणि लिनिअर पेप्टाइड सिरिंज पंपाने हळूहळू सोडायचं, कारण दोन साखळ्यांची गाठ कॉन्सन्ट्रेशनवर अवलंबून असते, स्वतःची टोकं जुळणं तसं नसतं. ग्रॅमिसिडिन एसच हवं असेल तर मात्र पाचाच्या साखळीची रिंग करताना मिळणाऱ्या मिश्रणातून डायमर वेगळा काढत बसण्यापेक्षा दहाची सरळ साखळी आधी बांधून मग तिची रिंग करणं बरं, १९५७ मध्ये श्विझर आणि झीबर यांनीही तसंच केलं होतं.