फ्रीलान्स डिझायनरचा करार

फ्रीलान्स डिझायनरचा करार म्हणजे काम हातात घ्यायच्या आधी डिझायनर आणि क्लायंटमध्ये जे ठरतं ते, काय करून द्यायचं, कितीला, पैसे कधी आणि शेवटी ते डिझाइन कोणाचं. कागदच पाहिजे असं काही नाही, भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही चालतो, आणि नुसत्या ईमेलच्या देवाणघेवाणीतूनही करार होऊ शकतो हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता केसमध्ये मान्य केलंय. त्यामुळे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच झालं म्हणून लगेच हात टेकू नयेत, फक्त सिद्ध करताना दमछाक होते, आणि अर्ध्या गोष्टी फोनवर बोललेल्या निघतात.

डिझाइन कोणाचं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. क्लायंटला वाटतं पैसे दिले की लोगो माझा. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ मात्र वेगळं सांगतं, पगारी डिझायनरने नोकरीत केलेलं काम मालकाचं, पण फ्रीलान्सर नोकर नाही, त्यामुळे काही ठरलेलं नसेल तर पहिला हक्क त्याचा स्वतःचा. गंमत म्हणजे फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट कोणी पैसे देऊन करून घेतलं तर नियम उलटा, तिथे हक्क पैसे देणाऱ्याचा. त्यामुळे इलस्ट्रेशन करणाऱ्यांनी तर हे लिहूनच घ्यावं.

हक्क क्लायंटच्या नावावर करायचा तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं, कुठलं काम, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या देशात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समजा मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन केलं, करारात 'सर्व हक्क क्लायंटकडे' एवढीच ओळ, आणि सहाव्या वर्षी माल दुबईला निघाला, तर त्या एका ओळीला दोन्हीकडून भोकं. हे क्लायंटला आधीच समजावून सांगितलं तर तो घाबरत नाही, उलट नीट कागद करायला तयार होतो, निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे 'हे मी केलंय' म्हणायचा अधिकार डिझायनरकडेच राहतो.

करेक्शन आणि ओपन फाइल

भांडणं कायद्यावरून कमी आणि करेक्शनवरून जास्त होतात. '३ करेक्शन फ्री' असं लिहून भागत नाही, फोन नंबर बदलणं करेक्शन आहे आणि 'जरा वेगळं काहीतरी दाखवा ना' हे नवीन काम आहे, हा फरक कोटेशनमध्येच टाकावा. ओपन फाइलचंही, म्हणजे ज्यात डिझाइन पुन्हा बदलता येतं त्या मूळ फाइलचंही तसंच, पीडीएफ दिलं म्हणजे कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइलही त्यात आली असं क्लायंट धरून चालतो. एकदा माझ्याकडून ओपन फाइल गेली आणि नंतर माझंच माहितीपत्रक दुसऱ्या रंगात, पसरट फॉन्टमध्ये छापलेलं दिसलं, करारात त्याबद्दल एक शब्द नव्हता, मग बोलणार काय.

पैसे

अ‍ॅडव्हान्सशिवाय सुरुवात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ओळखीच्या माणसापुढे सगळे विसरतात. कमी वापरलं जाणारं हत्यार म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी. ती आधीपासून असेल तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा, २००६ लागू होतो, मग तारीख ठरली नसेल तर १५ दिवसांत, आणि ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. कंपनीच्या छापील करारात '९० दिवसांनी पेमेंट' असलं तरी ते इथे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जो 'बँक रेट' नावाचा व्याजदर जाहीर करते त्याच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज.

छापील करारातलं बाकीचं

'काम संपल्यावर २ वर्षं आमच्या स्पर्धकांसाठी काम करायचं नाही' असं कलम हमखास असतं. करार कायद्याच्या कलम २७ मुळे काम संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही, काम चालू असतानाची टिकू शकते. फॉन्टचं लायसन्स कोणी घ्यायचं हेही पाहावं, मुक्ता किंवा बालूसारखे ओपन लायसन्सचे, म्हणजे फुकट वापरता येणारे देवनागरी फॉन्ट वापरले तर प्रश्न नाही, पण विकतच्या फॉन्टचं बिल क्लायंटच्या नावावर निघालेलं बरं.