एल्क म्हणजे नेमकं कोणतं हरीण?

स्वीडनमधल्या इंग्रजी बातमीत 'गाडीला एल्क धडकला' असं असतं आणि कॅनडातल्या बातमीत 'एल्कचा कळप रस्त्यावर आला' असं असतं. हे दोन प्राणी वेगळे आहेत. स्वीडनचा एल्क म्हणजे शास्त्रीय नावाने आल्सेस आल्सेस. त्यालाच कॅनडात मूस म्हणतात. कॅनडातला एल्क म्हणजे सर्व्हस कॅनाडेन्सिस, ज्याचं दुसरं नाव वापिटी. भाषांतरात दोन्हींचं नुसतं 'हरीण' झालं की फरक कायमचा पुसला जातो.

या घोळाचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. तिथून मूस काही हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाला. 'एल्क' हा शब्द मात्र इंग्रजीत टिकला, कारण युरोपच्या मुख्य भूमीवर प्राणी होताच. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत वसाहती करायला गेलेल्या इंग्रजांपैकी बहुतेकांनी एल्क कधी पाहिलेला नव्हता; त्यांच्या लेखी एल्क म्हणजे 'कुठलंसं मोठं हरीण'. समोर मोठं हरीण दिसलं, त्याला ते नाव चिकटलं. खरा एल्कही त्याच जंगलात होता, पण त्याच्यासाठी त्यांनी स्थानिक अल्गाँक्वियन भाषांमधला 'मूस' हा शब्द उचलला. १८०६ साली बेंजामिन स्मिथ बार्टन या निसर्ग-अभ्यासकाने दुसऱ्या हरणासाठी शॉनी भाषेतला 'वापिटी' हा शब्द सुचवला. अभ्यासकांनी तो घेतला, पण अमेरिकेतल्या लोकांच्या बोलण्यात एल्कच राहिला. माणसं नवीन मुलखात जाताना आपले शब्द सोबत नेतात आणि तिथे जे त्यातल्या त्यात जुळतं दिसेल त्याला ते लावतात. खंडागणिक नावं बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

प्रत्यक्षात हे दोघे ओळखायचे कसे? बहुतेक पुस्तकं शिंगं बघायला सांगतात: मूसची तळहातासारखी पसरट, वापिटीची फांद्या फुटलेली आणि मागे झुकलेली. पण एवढ्यावर विसंबू नये. स्कँडिनेव्हियातल्या कित्येक नर मूसची शिंगं पसरट न होता फांद्यांसारखीच वाढतात, दोन्ही जातींत माद्यांना शिंगं नसतात आणि नरांचीही दरवर्षी गळून पडतात. त्यापेक्षा नाक आणि ढुंगण बघावं. मूसचं नाक लांब, फुगीर, वरच्या ओठासकट खाली लोंबणारं असतं. गळ्याखाली कातडीची लोळीही असते. वापिटीचा चेहरा नेहमीच्या हरणासारखा आणि ढुंगणावर फिकट, पिवळसर मोठा ठिपका. 'वापिटी'चा अर्थच तो. मूस बहुधा एकेकटा हिंडतो, वापिटी कळपाने.

रेनडिअर आणि कॅरिबू या हरणांची गोष्ट वेगळी आहे. जात एकच, रँजिफर टॅरँडस. युरेशियातलं रेनडिअर हे नाव नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलं, तर उत्तर अमेरिकेतलं कॅरिबू हे तिथल्या मूलनिवासींच्या मिगमाक भाषेतून फ्रेंचमार्गे. इथे कोणी चुकीचं नाव लावलं नाही. दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या प्राण्याला आपापलं नाव दिलं होतं. पुढे मात्र या दोन नावांना वेगळं काम मिळालं. १८९०च्या दशकात सायबेरियातून पाळीव रेनडिअर अलास्कात आणले गेले. तेव्हापासून तिथे रानटी तो कॅरिबू आणि पाळीव तो रेनडिअर. हा फरक कायद्यातही उतरला: १९३७च्या कायद्याने अलास्कातल्या रेनडिअरची मालकी तिथल्या मूलनिवासींसाठी राखून ठेवली. कॅरिबूला शिकारीचे नियम लागतात, रेनडिअरला पशुधनाचे. अडचण येते ती कॅरिबूचा मोठा कळप चराऊ रानातून जातो तेव्हा. पाळीव जनावरं त्यात मिसळतात, कळपासोबत निघून जातात आणि मालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून एकाच जातीची दोन नावं दिसली की एक फालतू समजून खोडू नये.

पक्ष्यांमध्ये तर विचारायलाच नको. युरोपचा रॉबिन १४ सेंटिमीटरचा, अमेरिकेचा रॉबिन त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा कस्तूर. साम्य काय, तर तांबूस छाती. ऑस्ट्रेलियातले रॉबिन आणखी तिसऱ्याच कुळातले. युरोपात बझर्ड म्हणजे ब्युटिओ प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) शिकारी पक्षी, अमेरिकेत बोलताना बझर्ड म्हणजे बहुधा गिधाड.

सगळ्यात फसवं नाव माझ्या मते गिलिमॉट या समुद्रपक्ष्याचं. ब्रिटनमध्ये नुसतं गिलिमॉट म्हटलं की युरिया आल्गे. अमेरिकेत या पक्ष्याला मर म्हणतात आणि गिलिमॉट हे नाव सेफस प्रजातीसाठी राखलेलं आहे, म्हणजे ब्रिटिश ज्याला ब्लॅक गिलिमॉट म्हणतात तो आणि त्याचे भाऊबंद. युरिया उघड्या कड्यावर दाटीवाटीने बसतो आणि एकच अंडं घालतो. ब्लॅक गिलिमॉट खडकांच्या कपारीत लपून बहुधा दोन अंडी घालतो. पहिल्याची मोजदाद कड्यावरचे पक्षी बघून होते, दुसऱ्याची तशी होत नाही. अटलांटिकच्या दोन्ही काठांचे 'गिलिमॉट'चे आकडे एका तक्त्यात बसवले तर ती बेरीज कुठल्याच पक्ष्याची नसते.

यावर उपाय शास्त्रीय नावाचा. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनिअस या स्वीडिश निसर्ग-अभ्यासकाच्या १७५८च्या ग्रंथापासून धरतात. पण शास्त्रीय नावही वाचता यावं लागतं. मूसच्या नावापुढे 'लिनिअस, १७५८' हे कंसात लिहितात. कंसाचा अर्थ असा की लिनिअसने जात सांगितली, पण ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. त्याच्याकडे मूस सर्व्हस आल्सेस होता. जुन्या कागदात सर्व्हस आल्सेस दिसलं तर तो मूसच. वापिटीलाही बराच काळ युरोपच्या लाल हरणाचाच प्रकार मानून सर्व्हस एलाफस म्हणत. डीएनए तपासणीनंतर ती वेगळी जात म्हणून मान्य झाली.

कधीकधी लोकनावांचा फरकच पुढे बरोबर ठरतो. युरोपचा हेन हॅरियर आणि अमेरिकेचा नॉर्दर्न हॅरियर हे शिकारी पक्षी एकाच जातीचे, सर्कस सायनियस, असं मानत. २०१६ साली उत्तर अमेरिकेच्या पक्षिनामांच्या समितीने अमेरिकेतला पक्षी सर्कस हडसोनियस म्हणून वेगळा काढला. त्यामुळे जुन्या नोंदीत सर्कस सायनियस असेल, तर ती नोंद कोणत्या खंडातली आणि कोणत्या साली केलेली हे पाहिल्याशिवाय पुढे वापरू नये.