मत्स्यटाकीतील आंतरजातीय वर्तन

एकाच टाकीत ठेवलेल्या भिन्न जातींच्या माशांमध्ये अन्न, जागा व संरक्षण यांवरून घडणारे वर्तन. पुण्यातील घरगुती टाक्यांत गप्पी, मॉली, टेट्रा, टायगर बार्ब, एंजल व सकर सर्रास एकत्र दिसतात. यांतील बार्ब आग्नेय आशियातला, बाकीचे अमेरिका खंडांतले. त्यामुळे टाकीतल्या मैत्रीला वा वैराला सामाईक पूर्वेतिहास क्वचितच असतो. तोंडाची ठेवण, अंगाचे आकारमान व मिळणारे अन्न यांवरच बरेचसे ठरते. ॲमेझॉन खोऱ्यातले एंजल व निऑन टेट्रा हा ठळक अपवाद. तेथेही तोंडात मावेल इतका लहान निऑन पूर्ण वाढीच्या एंजलचे भक्ष्य होतो.

वर वळलेल्या तोंडाचा गप्पी पृष्ठभागावरचे अन्न व डासांच्या अळ्या टिपतो. तो साधारण १९१० च्या सुमारास भारतात आला असे मानतात. पुणे महानगरपालिका डासनिर्मूलनासाठी त्याचा वापर करते. टायगर बार्ब मधल्या थरात वावरतो व संथ, लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. पाच-सहापेक्षा मोठ्या थव्यात ही खोड बरीच कमी होते, कारण वर्चस्वाची चढाओढ थव्यातच चालते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे.

जातींमधील खऱ्या अर्थाने सामाजिक म्हणावा असा दुवा रासायनिक आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो या लहान गोड्या पाण्यातील माशात भीतिद्रव्याचे वर्णन केले. कातडी फाटली की त्वचेतील विशिष्ट पेशींमधून ते पाण्यात मिसळते आणि थवा दचकून एकवटतो किंवा तळाशी निपचित होतो. बार्ब, दानिओ व टेट्रा ज्या मोठ्या गटात मोडतात त्या गटातील जाती एकमेकींच्या द्रव्यालाही प्रतिसाद देतात. नाते जवळचे तसा प्रतिसाद तीव्र. द्रव्य नेमके कोणते, यावर मतभेद आहेत. पूर्वी हायपोझँथिन-३-एन-ऑक्साइड हे संयुग पुढे केले जाई. २०१२ मध्ये झेब्रा माशावरील प्रयोगांतून काँड्रॉइटिन या साखरसाखळीचे तुकडे महत्त्वाचे ठरले. या पेशींच्या उगमाचा प्रश्न त्याहून बिकट आहे, कारण जखमी माशाला इतरांना सावध करून काय लाभ? आप्तरक्षण, म्हणजे जवळच्या नातलगांचा बचाव, तसेच दुसरा शिकारी ओढून आणून पहिल्याच्या तावडीतून सुटणे, अशी मते मांडली गेली. रोगजंतू, परजीवी व अतिनील किरण यांच्या संपर्कात या पेशी वाढतात असे २००७ मध्ये दाखवले गेले. तेव्हापासून त्या मुळात त्वचेच्या संरक्षणासाठी असाव्यात आणि इशारा हा नंतरचा उपयोग, या मताकडे कल आहे.

शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर रात्री गोल्डफिश किंवा डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडतो. वयानुसार त्याचा स्वभाव बदलतो असे पुष्कळांना वाटते, परंतु उपासमार हे कारण अधिक संभवनीय आहे. फ्लोरिडातील झऱ्यांत याच वंशातले मासे मॅनाटी या मोठ्या जलचर सस्तन प्राण्यांच्या अंगावरचे शेवाळ खाताना आढळले आहेत. म्हणजे त्याच्या लेखी दगड आणि अंग दोन्ही खरवडण्याचे पृष्ठभागच. टाकीत न मावणारे सकर नदीनाल्यांत सोडले जातात. पुण्याच्या खालच्या अंगाला भीमेवरील उजनी जलाशयात ते मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागले आहेत. त्यांच्या परांतील काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही.