अमळनेर: वाडीच्या रथापासून वनस्पती तुपापर्यंत

अमळनेर म्हटलं की बाहेरचा माणूस पहिले विप्रो म्हणतो, थोडा वाचणारा असला तर साने गुरुजी म्हणतो, आणि मंगळवारी स्टेशनवर उतरला असेल तर रिक्षावाल्याला सरळ मंगळग्रह मंदिर सांगतो. आमच्या खेड्यांवरची म्हातारी माणसं मात्र फक्त 'वाडी' म्हणतात. वाडी म्हणजे बोरी नदीकाठचं संत सखाराम महाराजांचं संस्थान. गिरणी, कॉलेज, फॅक्टरी हे सगळं वाडीच्या नंतर आलं, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

सखाराम महाराज वारकरी. अमळनेरहून पायी पंढरपूर ही त्यांची परंपरा, आणि खानदेशातून पंढरपूर म्हणजे देहू-आळंदीसारखं जवळचं काम नाही, पार सातमाळ्याचे डोंगर ओलांडून गोदावरी मागे टाकून जायचं. महाराजांनी समाधी घेतली १८१८ साली. हे साल शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, पेशवाई बुडाल्याचं साल. खानदेश इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्ज साहेबाच्या हाती आला, पण अमळनेरच्या किल्ल्यातले अरब शिपाई काही ऐकेनात, त्यांनी ताबा द्यायला नकार दिला आणि इंग्रजांना त्यांच्यावर फौज घेऊन यावं लागलं. आज किल्ल्याचं फार काही राहिलं नाही, दगडी दरवाजा तेवढा आहे, त्याच्या आजूबाजूला बाजार. म्हणजे एकाच वर्षात गावाने संत गमावला आणि राज्यही बदललं, पण लोकांनी तिथी लक्षात ठेवली ती संताची.

वैशाख शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि बोरीच्या कोरड्या वाळवंटात यात्रा. ही वेळ नीट बघा. खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा दिवाळीच्या तोडीचा सण, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस चाललेला असतो, आणि त्यानंतर आठ दिवसांनी एकादशी. माहेरवाशीण मग रथ बघूनच सासरी जाते. शेत रिकामं, गहू, हरभरा, दादर म्हणजे रब्बी ज्वारी विकून हातात थोडा पैसा, म्हणून वाळवंटात पाळणे, तमाशे, भांडी, बांगड्या, गोडीशेव सगळं खपतं. देवाची यात्रा की बाजाराची, हा प्रश्न इथे कोणाला पडत नाही, आणि पडूही नये असं माझं मत.

रथ एकदा जवळून बघण्यासारखा असतो. लाकडी, उंच, आणि त्याला ना स्टेअरिंग ना ब्रेक. ओढणारे दोर ओढतात, पण वळवायचं आणि थांबवायचं काम मोगरीवाल्यांचं. मोगरी म्हणजे लांब दांड्याचा लाकडी ठोकळा. चालत्या चाकाखाली तो अचूक घालायचा, एका बाजूचं चाक अडलं की रथ तिकडे वळतो, दोन्हीकडे घातली की थांबतो. गर्दी वरती देवाकडे बघत असते, मोगरीवाल्याची नजर मात्र सगळा वेळ चाकावर.

पुढची गोष्ट कापसाची. १९०० च्या सुमारास सुरतहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वेलाईन आली आणि अमळनेरचा कापूस, शेंगदाणा सरळ सुरत-मुंबईकडे जायला लागला. मोतीलाल माणेकचंद उर्फ प्रताप शेठ यांनी इथे कापड गिरणी काढली. शेठजींचं डोकं बघा, गिरणीच्या पैशातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं! शिकणाऱ्यांना विद्यावेतन देऊन अद्वैत वेदान्ताचा अभ्यास, तोही भोंग्यावर उठणाऱ्या गावात. तत्त्वज्ञ जी. आर. मलकानी इथे होते, बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात इथे येऊन राहिले. गिरणी पुढे बंद पडली, मंदिराचं नाव आहे. १९४५ ला प्रताप कॉलेज निघालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, तीच पुढची विप्रो. शेंगदाण्याच्या तेलापासून सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप, आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. तेव्हा गावातल्या लोकांनी घेऊन ठेवलेल्या शेअरची किंमत पुढे कोटींत गेली ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, परत सांगत नाही. साहित्य संमेलनही दोनदा झालं, १९५२ आणि २०२४ ला, दुसऱ्या वेळी तर विद्रोही संमेलनही त्याच गावात भरलं.

राहिले साने गुरुजी. मूळचे कोकणातल्या पालगडचे, अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. तिथे काही मन रमलं नाही, १९२४ ला इथल्याच हायस्कुलात मास्तर झाले, छात्रालय सांभाळलं, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. पुढे १९३८ ला 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं तेही अमळनेरहूनच. ज्या गावातून दरवर्षी दिंडी निघते त्या गावात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पंढरपूरकडे बघितलं ते वेगळ्या नजरेने. दलित वारकरी शेकडो मैल चालून जायचा आणि त्याचं दर्शन चोखोबांच्या समाधीपाशी संपायचं, आत सोडत नव्हते. १ मे १९४७ ला गुरुजी विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले, दहाएक दिवसांनी ते सुटलं, मंदिर खुलं झालं.

मी सहज त्या वर्षीच्या तिथ्या काढून बघितल्या. वैशाखी पौर्णिमा ५ मेच्या सुमारास येते, म्हणजे उपोषणाचा पहिला दिवस एकादशीच्या आसपासचा. तिकडे चंद्रभागेकाठी गुरुजी उपाशी, आणि इकडे बोरीकाठी रथाचे दिवस.